न झोंबणारी डबी

ताई पालीला भीत नसत, भटक्या कुत्र्यांना भीत नसत. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असल्यामुळे महिन्यातले वीस दिवस घर एकटीने सांभाळावं लागायचं, त्याचंही त्यांना कधी काही वाटलं नाही. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, बिघडलेल्या चेहऱ्याची. आणि अशा बाईने आयुष्यभर ब्युटी पार्लर चालवावं, म्हणजे पोहता न येणाऱ्याने होडी वल्हवण्यातला प्रकार. पण ताईंनी ते तेवीस वर्षं चालवलं, आणि ते चांगलं चाललं ते या भीतीमुळेच, हेही खरं.

भीतीचं मूळ जुनं होतं. एकोणीस वर्षांच्या असताना त्या एका मोठ्या पार्लरमध्ये काम शिकत होत्या. तिथल्या एका मुलीने गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला ब्लीच लावलं, आणि तेवढ्यात आलेल्या फोनवर ती बोलत बसली. खुर्चीतली पोरगी म्हणत होती, झोंबतंय, झोंबतंय. फोनवरची हाताने खुणावत होती, थांब, झोंबलं म्हणजे काम करतंय. शेवटी ताईंनीच ओला कापूस घेऊन पुसायला सुरुवात केली, तेव्हा दुधावरची साय निघावी तशी गालाची कातडी कापसाबरोबर आली. त्या पोरीची दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत होती. तिचं रडणं ताईंच्या कानात पुढे कित्येक वर्षं राहिलं.

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला जे लागणार ते आधी आपल्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायचं आणि दोन दिवस ठेवायचं. झोंबलं, खाजलं, लाल झालं की ती वस्तू बाद, मग ती कितीही नामांकित असो. कंपन्यांचे विक्रेते वैतागायचे. ताईंचं मनगट कायम ठिगळ लावल्यासारखं दिसायचं. घरी आल्यागेल्याला वाटे, या बाईला काहीतरी कातडीचा रोग आहे.

पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक मोठा आरसा, एक दिवा, वाफेचं यंत्र आणि प्लास्टिकची दोन स्टुलं, एवढंच पार्लर. पण त्या खोलीत ताईंचं राज्य होतं. गालाला लिंबू चोळून आलेली बाई दिसली की त्या म्हणायच्या, "लिंबू भांड्याला लावतात, गालाला नाही." मुरमावर टूथपेस्ट लावून आलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारायच्या, "दात काय गालावर उगवलेत तुझे?" वाफेने छिद्रं उघडतात आणि बर्फाने मिटतात असं कोणी म्हटलं की, "छिद्रांना काय कड्या-कोयंडे आहेत?" माझा रंग मुळातच सावळा, मला कशाला उन्हाचं क्रीम, असं म्हणणारीला, "ऊन काय रंग विचारून पडतं?" सगळ्या आळीचे गैरसमज त्या खुर्चीत बसायचे आणि खजील होऊन उठायचे. बायका हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला यायच्या. ताईंनी सांगितलं म्हणजे झालं, असा लौकिक होता.

आणि होती ती डबी.

डबीची कृती त्यांना काम शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी दिली होती. औषधाच्या दुकानात खाजेची एक गुलाबी ट्यूब मिळायची, कोणी डॉक्टरची चिठ्ठी मागायचं नाही. तशा दोन ट्यूब आणि एक मोठी बरणी कोल्ड क्रीम, लाकडी चमच्याच्या दांड्याने एकजीव करायचं आणि छोट्या डब्यांत भरायचं. ताईंनी तेही आधी मनगटावर लावलं. झोंबणं तर दूरच, आधीच्या परीक्षांनी उठलेला लाल चट्टा रात्रभरात मावळला. एवढी सौम्य वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. तरी त्यांनी घाई केली नाही, दुसरी परीक्षा घेतली. महिनाभर स्वतःच्या गालाला लावून मग आठ दिवस बंद केली. गाल खरखरीत झाले, चुरचुरले, तांबडे पडले. पुन्हा लावली, शांत झाले. ताईंचं समाधान झालं. लावलं की चेहरा सुधारतो आणि सोडलं की बिघडतो, म्हणजे वस्तूत दम आहे. यापेक्षा सरळ पुरावा तो काय असणार? डबी देताना त्या बजावायच्या, "खंड पाडू नका. खंड पाडलात की त्रास होणार, मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

बायका खंड पाडत नसत. ज्यांनी पाडला त्या आठवड्यात लाल चेहऱ्याने परत आल्या, आणि ताईंचा शब्द किती खरा आहे ते आपल्या जावांना आणि नणंदांना सांगून आल्या.

ताईंची एकुलती एक मुलगी पिटू. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पिटू, पुढे पाच फूट सहा इंच झाली तरी पिटूच. चौदाव्या वर्षी तिच्या गालांवर मुरमं आली आणि वर्गातल्या मुली तिला नावं ठेवू लागल्या. पार्लरवालीची पोरगी आणि तोंड बघा, असं कोणीतरी म्हटलं. पिटू शाळेतून आली ती सरळ पांघरूण घेऊन झोपली.  दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मुलीला खुर्चीत बसवलं आणि आपल्या हाताने डबीतलं क्रीम तिच्या चेहऱ्याला लावलं, कपाळाला, गालांना, डोळ्यांखालच्या काळेपणाला आणि पापण्यांच्या कडेलाही. पंधरा दिवसांत चेहरा आरशासारखा झाला. त्यानंतर सहा वर्षं रोज सकाळी, पिटू दात घासून आली की आई हात पुढे करायची आणि पिटू डोळे मिटून तोंड पुढे करायची.

विसाव्या वर्षी पिटू दुसऱ्या गावी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतलं काम शिकायला गेली आणि वसतिगृहात राहू लागली. ताईंनी तिच्या बॅगेत तीन डब्या ठेवल्या.

चौथ्या महिन्यात पिटू फोनवर तोंड दाखवेनाशी झाली. आधी म्हणाली, नेट नाही. मग म्हणाली, कॅमेरा बिघडलाय. सलग चार दिवस फोनवर नुसता आवाज. ताईंच्या जिवाला घोर लागला. खुर्चीतल्या बाईच्या भुवया कोरताना त्यांचा दोरा तुटू लागला. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर पिटू उभी होती. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, त्यावर काळा चष्मा.

तिने स्कार्फ सोडला, चष्मा काढला. चेहरा सुजून चकाकत होता. गाल उकडलेल्या बिटासारखे, हनुवटीवर पुवाचे बारीक फोड, ओठांच्या कडा फुटलेल्या. क्षणभर ताईंना वाटलं, ब्लीचवाली ती पोरगीच दारात उभी आहे.

"डबी संपली का गं तुझी? सांगायचं नाही का? पाठवली असती ना," असं पुटपुटत त्यांनी नवी डबी उघडली आणि मुलीला खुर्चीत बसवून जाडसर थर दिला. पिटूने डोळे मिटले. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते चुकवून ताई लावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूज निम्म्याने उतरली.

"बघ," ताई म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या घशाखाली चहा उतरला. "मी काय म्हणत होते? खंड पाडायचा नाही."

पिटू खिडकीशी बसली होती. ती वळली नाही. "आई, डबी संपली नव्हती. मी मुद्दाम बंद केली."

"म्हणजे?"

"ती ट्यूब खाजेची आहे ना? तिच्या खोक्यात एक कागद असतो. आपण तो कधी वाचला नाही. मी वाचला. चेहऱ्याला लावू नये, जास्त दिवस लावू नये, असं त्यात लिहिलंय. म्हणून बंद केली, तर चेहरा असा झाला. मला भीती वाटतेय, आई. मला डॉक्टरकडे ने."

ताई म्हणाल्या, "कागदात काहीही लिहितात. स्वतःवर काही यायला नको म्हणून लिहितात." हे त्यांनी ठासून सांगितलं. 

"आणखी एक आहे," पिटू म्हणाली. "दिव्याकडे बघितलं की त्याच्याभोवती कडी दिसतात. रंगीत. दोन महिने झाले."

 चेहऱ्याचं सगळं ताईंना येत होतं. डोळ्याचं काही येत नव्हतं. त्यांनी पार्लरच्या दाराला 'आज बंद' अशी पाटी लावली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना ताई मनातल्या मनात उत्तरं जुळवत होत्या. काय लावता म्हणून विचारतील. घरगुती क्रीम म्हणायचं. त्यात खोटं काय आहे, घरीच तर करतो. ट्यूबचं नाव घेतलं तर पुढे विचारतील, कोणी दिलं, आणखी कोणाकोणाला दिलं. आळीत ही बातमी जायला एक दुपार पुरे. मग त्या खुर्चीत कोण बसणार?

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पिटूचा चेहरा पाहिला.  "इथे कातडी पातळ झालीय. या बारीक लाल शिरा. गालावर ही लव. किती दिवस काय लावताय?"

"घरगुती क्रीम आहे," ताई घाईने म्हणाल्या.

"त्यात काय असतं?"

ताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागल्या. डॉक्टरीणबाई वाट पाहत होत्या. तेवढ्यात पिटू बोलली, अगदी शांतपणे. "आईला माहीत नाही. मीच आणलं होतं, वसतिगृहाजवळच्या दुकानातून. कसलीशी गुलाबी ट्यूब. आठ-दहा दिवस लावली असेल. आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात."

ताईंना हायसं वाटलं. खरोखर वाटलं, छातीवरचा धोंडा कोणी उचलावा तसं. आणि लगेच त्यांना स्वतःचीच इतकी भीती वाटली की त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पोरगी सुजल्या तोंडाने आईला वाचवत होती आणि आई वाचून घेत होती.

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या होत्या. "दहाच दिवस ना? कातडी फारच नाजूक दिसते तुझी, पण मग फारसं घाबरायचं कारण नाही. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणालीस, ते चष्म्याच्या नंबरचं असेल. महिन्याभराने सवडीने डोळे तपासून घे. वर्षानुवर्षं पापण्यांजवळ हे औषध लागलं असतं तर मी आत्ताच धाडलं असतं, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर जाते. तशी गेलेली नजर परत येत नाही. पण दहा दिवसांनी असं होत नाही."

पेन कागदावर चालत होतं. पिटू स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. तिचा एक शब्दही बदलणार नव्हता, हे ताईंना ठाऊक होतं. ती हट्टी होती, लहानपणापासून.

"सहा वर्षं," ताई म्हणाल्या.

पेन थांबलं.

"दहा दिवस नाही. सहा वर्षं, रोज. तिने नाही आणलं. मी करते ते क्रीम, ट्यूब घालून. पार्लर आहे माझं. मीच लावत होते. पापण्यांनाही लावलंय, माझ्या हाताने." एवढं बोलून झालं तेव्हा त्या घामाने भिजल्या होत्या. पिटूने आईकडे पाहिलं, आणि मग सहा वर्षांची असल्यासारखी तोंड वेडंवाकडं करून रडू लागली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं. त्यांनी पहिला कागद फाडला, डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि म्हणाल्या, "मुलगी आत्ता पाठवतेय. आज बघा." मग त्यांनी ताईंना विचारलं, "झोंबत नव्हतं ना कधी?"

"नाही. म्हणून तर चांगलं वाटलं."

"ते स्टिरॉइड आहे. लाली, खाज, आग, सगळं दाबून टाकणं हेच त्याचं काम. ते कसं झोंबेल? आणि कातडीला त्याची सवय लागली की बंद केल्यावर ती अशी पेटते. लोकांना वाटतं, औषध सोडलं म्हणून चेहरा बिघडला. तो औषधानेच बिघडलेला असतो, नुसता झाकलेला."

ताईंची दुसरी परीक्षा दोन वाक्यांत संपली. वीस वर्षं त्या ज्याला पुरावा म्हणत होत्या तोच रोग होता. लिंबूवालीला, टूथपेस्टवालीला ज्या तोऱ्यात त्या हसल्या होत्या तो तोरा आठवून त्यांचे कान तापले.

त्या संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाब मोजला. वाढलेला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली होती. उजवा बराच वाचला होता. थेंब दिले, दर आठवड्याला यायला सांगितलं. "जे गेलं ते गेलं. उरलंय ते सांभाळू. महिनाभर उशीर झाला असता तर मला एवढंही सांगता आलं नसतं," ते म्हणाले. ताईंनी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पिटूचा डावा पाय एकदा चुकला, आणि ताईंनी तिचा दंड धरला. असा तो आजवर किती वेळा चुकला असेल आणि आपण म्हटलं असेल, बघून चाल गं?

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक साधं मलम दिलं होतं आणि बजावलं होतं, बाकी काही नाही. चेहरा आणखी भडकेल, आठवडे लागतील, कदाचित महिने, पण त्या डबीला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं होतं. चौथ्या दिवशी पिटूच्या चेहऱ्याची इतकी आग होऊ लागली की ती पंख्याखाली तोंड वर करून बसून राहायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आई, एकदाच. डोळे सोडून. अगदी बोटभर." कपाटात अकरा भरलेल्या डब्या होत्या. कुलूप ताईंनी घातलं होतं, किल्ली त्यांच्याच कमरेला होती, आणि त्यांना धाक होता तो पोरीचा नव्हे, स्वतःच्या हाताचा. तेवीस वर्षं कोणाचा चेहरा दुखला की तो हात आपोआप पुढे व्हायचा. त्यांनी तो ओल्या फडक्याभोवती आवळला आणि फडकं मुलीच्या गालावर नुसतं टेकवून ठेवलं.

पार्लरची पाटी नऊ दिवस तशीच होती. दहाव्या दिवशी सकाळी बँकेतल्या काकू पाटी न वाचल्यासारखं करून आत आल्या. काकूंची ही जुनी सवय. डबीच्या गिऱ्हाइकांतही त्या सगळ्यांत जुन्या. "आजारी-बिजारी आहात का, ताई? माझी डबी संपून चार दिवस झाले. गालांची नुसती आग होतेय."

ताई उभ्याच राहिल्या.  जिन्यावर जुळवली तशी उत्तरं आत्ताही डोक्यात तयार होती. माल आला नाही. ट्यूब मिळत नाही. कंपनीने बंद केलं. कुठलंही चाललं असतं, आणि आळीत कोणाला काही कळलं नसतं.

"काकू, डबी बंद केलीय. ती वाईट आहे. आग होतेय ती डबीमुळेच होतेय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ट्यूबचं नाव सांगितलं, स्टिरॉइड सांगितलं, पिटूचा डोळा सांगितला.

काकू हसल्या. "अहो, तुमच्याच शब्दावर मी सुरू केली. माझं काही बिघडलं का? इतक्या वर्षांत एक पुटकुळी नाही. कोणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय. की दुसरीकडे जास्त खपतेय, म्हणून आम्हाला नाही?"

आतल्या दाराचा पडदा हलला. पिटू बाहेर आली. स्कार्फ नाही, चष्मा नाही. ती काकूंच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि ताईंनी दिव्याचं बटण दाबलं. काही सांगावं लागलं नाही. काकूंनी तो चेहरा पाहिला. त्यांचं हसू हळूहळू विरलं, आणि हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला.

"सहा वर्षं लावल्यावर असं होतं," त्या म्हणाल्या, जणू स्वतःचीच समजूत घालत होत्या. "मोठ्या माणसांना. थोडे दिवस लावलं तर नाही होत. हो ना?"

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काकू, कोणाला लावलीत?"

काकू पर्सची चेन उघडझाप करू लागल्या.

"कोणाला लावलीत?"

"नातवाला," काकू म्हणाल्या. "लंगोटाचं पुरळ उठलं होतं त्याला. डॉक्टरांच्या औषधाने रडायचा, झोंबायचं ना. म्हटलं, ताईंची डबी झोंबत नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "पुरळ लगेच गेलं. मग बंद केली की परत यायचं. म्हणून रोज लावत होतो."

"किती दिवस?"

"तीन महिने. चार महिन्यांचा आहे तो."

"आई, त्या कागदात होतं, तान्ह्या बाळाच्या अंगात हे भिनतं, आणि मग एकदम बंद केलं तरी जिवावर बेतू शकतं," पिटू म्हणाली.   कमरेची किल्ली काढून ताईंनी पिटूच्या हातात दिली, कपाटातली एक डबी आणि ट्यूबचं रिकामं खोकं पिशवीत टाकायला लावलं, आणि पायात चपला सरकवल्या.

"चला. बाळाला घेऊ आणि डॉक्टरकडे जाऊ. आत्ता. काय लावलं ते तुम्ही सांगू नका, मी सांगते."

काकू रडत रडत त्यांच्यामागून निघाल्या. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं नुकती उघडत होती, ओळखीच्या दोघी-तिघींनी लांबून हात केला आणि पार्लर कधी उघडणार म्हणून विचारलं. ताईंनी उत्तर दिलं नाही. चालता चालता त्यांना आणखी दोन घरं आठवली, जिथे त्यांनीच डबी दिली होती, आणि त्या दोन्ही घरांत या वर्षी बाळ झालं होतं. त्यांनी काकूंचा हात धरला आणि त्या जवळजवळ पळू लागल्या.